दिवसभराची गाडी ठरवून पाहिलेलं मॉरिशस



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हिशेब लवकर आटोपला आणि बोलणं माझ्या मॉरिशसच्या प्रवासावर आलं. कुणी विचारलं विमानात कान दुखतात का, कुणी विचारलं तिकडे भाकरी मिळते का. पण सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते गाडीचे. परक्या देशात तुम्ही स्वतंत्र गाडी कशी ठरवली? ड्रायव्हरने फसवलं नाही का? एका दिवसात एवढं कसं पाहून झालं? त्या दिवशी घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज आपल्या रेडिओवर तेवढंच सांगते. आता आपल्यातल्या बऱ्याच जणींची लेकरं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, आणि आईला एकदा विमानात बसवायचं त्यांच्या मनात असतं. माझ्या भावाच्याही होतं. त्याने आईला नेलं, सोबत वहिनी, आणि माझे पैसे मी भरून मी. अशी आम्ही चार माणसं.

आधी बेट केवढं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मॉरिशस हा अख्खा देश आपल्या बीड जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. लांबी साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपल्याकडे मे महिना तापतो तेव्हा तिकडे थंडी सुरू होते, आणि आपल्या दिवाळीनंतर तिकडे उन्हाळा. फिरायला मे ते ऑक्टोबर बरं, पाऊस कमी असतो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि आईने शाल काढली नाही.

देश एवढासा असला तरी एका दिवसात सगळा होत नाही. म्हणून तिथले सहलवाले त्याचे दोन तुकडे करतात, उत्तरेची सहल आणि दक्षिणेची सहल. उत्तरेत राजधानी पोर्ट लुई, तिथला बाजार, किल्ला, पाम्पलमूसची मोठी बाग. दक्षिणेत गंगा तलाव, धबधबा, रंगीत माती. आमच्या पॅकेजमध्ये उत्तरेची सहल मोठ्या बसने होती. चाळीसेक माणसं. सकाळी पाच हॉटेलांवर थांबत थांबत बस भरली, त्यातच दीड तास गेला. पुढे दोन दुकानांत अर्धा-अर्धा तास थांबवलं. बागेत आई सावकाश चालते म्हणून आम्ही मागे राहिलो आणि पाण्यावर तरंगणारी ती परातीएवढाली कमळपानं जेमतेम बघून पळत परत आलो.

आणि पोर्ट लुईच्या बंदराजवळून जाताना गाईडने काचेतून बोट दाखवलं, "हा आप्रवासी घाट. हिंदुस्थानातून ऊस तोडायला आणलेले मजूर इथं उतरले." एवढं सांगेपर्यंत बस पुढे गेली होती.

आईने विचारलं, "इथं थांबत नाहीत का?"

माझ्या आईने लग्नानंतर अकरा हंगाम ऊस तोडलाय. मी पोटात असतानाही ती फडात होती. तिने एवढं एकच विचारलं आणि मग हॉटेलवर येईपर्यंत बोलली नाही. रात्री भाऊ म्हणाला, दक्षिणेच्या सहलीला बस नको, आपली गाडी करू आणि आई म्हणेल तिथं थांबू.

आता गाडी ठरवण्याचं.

पहिली गोष्ट, भाव गाडीचा असतो, माणशी नसतो. त्यामुळे गाडी परवडते की बस, हे माणसं किती यावर ठरतं. समजा गाडीवाला दिवसाचे चार हजार तिथले रुपये मागतो. तिथलाही रुपयाच आहे, पण आपल्यापेक्षा महाग. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन रुपये धरत होतो. म्हणजे चार हजारांचे आपले सात हजार. चौघांत वाटले तर माणशी साडेसतराशे. बसची एक जागा समजा बाराशे तिथल्या रुपयांची, म्हणजे आपले एकवीसशे. चौघांना गाडी स्वस्त पडली. पण दोघीच असाल तर गाडी माणशी साडेतीन हजारांना पडेल, तिथं बस बरी. हे आकडे मी समजवण्यापुरते धरलेत. भाव बदलत राहतात, तुम्ही गेलात की तेव्हाचे घालून असंच गणित मांडा. आपण गटात कर्जाचं व्याज काढतो त्यापेक्षा हे सोपं आहे. मात्र बोलणी करताना कुठला रुपया ते आधी विचारा. काही जण भाव युरोत सांगतात, आणि युरोत आकडा लहान दिसतो म्हणून माणूस चटकन हो म्हणतो.

दुसरी गोष्ट, दिवस म्हणजे किती तास? दिवसभर म्हटलं की आपल्याला दिवस मावळेपर्यंत वाटतं. गाडीवाल्याचा दिवस बहुतेक आठ तासांचा असतो. ते आठ तास हॉटेलवरून निघाल्यापासून मोजायचे की त्याच्या घरून निघाल्यापासून? वर झालेल्या तासाचे किती? आम्ही हे आदल्या रात्री विचारलं. भावाने ते सगळं मोबाईलवर लिहून ड्रायव्हरला पाठवलं: किती वाजता निघायचं, कुठं कुठं थांबायचं, एकूण किती पैसे, पेट्रोल त्यात आलं का, पार्किंग कुणाचं, तिकिटं कुणाची. त्याने "ठीक है" असं उत्तर पाठवलं, तेच आमचं करारपत्र. आपण ठराव तोंडी न ठेवता इतिवृत्तात लिहितो, तसंच हे. तिथल्या टॅक्सीत मीटरवर फिरायची सवय धरू नका, भाव आधीच ठरवायचा.

तरीही एका ठिकाणी आम्ही चुकलो. तिकिटं आमच्याकडे हे ठरलं होतं, पण ती किती हे विचारलं नव्हतं. शामारेलला रंगीत मातीच्या ठिकाणी खाजगी तिकीट आहे, आणि परदेशी माणसाला तिथल्या माणसापेक्षा जास्त. चौघांचं मिळून बरंच झालं. वहिनीचा चेहरा उतरला. चूक आमचीच, त्याने लपवलं नव्हतं.

तिसरं म्हणजे दुकानं. जहाजाच्या लाकडी प्रतिकृती, हिरे, कपडे अशा दुकानांत गाडीवाले घेऊन जातात, कारण त्यांना तिथं दलाली मिळते. यात गुन्हा काही नाही, तेही पोट भरतात. पण तुमचे आठ तास त्यात जातात. "भैया, दुकान नहीं जाना है," असं आम्ही गाडीत बसतानाच सांगितलं. भाषेची अडचण आली नाही. तिथं आपसात क्रिओल बोलतात, कचेरीत इंग्रजी आणि फ्रेंच, पण बऱ्याच लोकांचे पूर्वज बिहारकडचे, त्यामुळे हिंदी समजणारा ड्रायव्हर सहज मिळतो. आमचा तसाच होता.

पैसे अर्धे सकाळी आणि अर्धे संध्याकाळी उतरल्यावर द्यायचे. गाडीच्या नंबराचा फोटो काढून घरी पाठवायचा. बायका-बायकाच जाणार असाल तर हे नक्कीच. आणि संडासाचं लाजायचं नाही. प्रत्येक थांब्यावर पोचलो की आधी तेच विचारायचं. बसमध्ये चाळीस माणसांसमोर आई बोलू शकली नव्हती आणि तिने दिवसभर पाणीच प्यायलं नव्हतं. गाडीत ती तीनदा थांबा म्हणाली, तीनदा थांबलो. स्वतंत्र गाडीचे पैसे मला तिथंच वसूल झाल्यासारखे वाटले.

आता तो दिवस.

ड्रायव्हरने त्याचा नेहमीचा दक्षिणेचा रस्ता सांगितला. आम्ही म्हटलं, आधी आप्रवासी घाट. तो म्हणाला, तो उत्तरेत येतो, शिवाय तिथं बघायला फार नाही, टूरिस्ट जात नाहीत. भावाने नकाशा काढला. सकाळी राजधानी, तिथून वर डोंगरात गंगा तलाव, पुढे शामारेल, आणि पश्चिमेच्या किनाऱ्याने परत, असा गोल फेरा बसत होता. ड्रायव्हरने थोडा विचार केला आणि म्हणाला, आठला निघालो तर होईल.

घाटावर नऊला पोचलो. प्रवेशाला पैसे नाहीत. रविवार टाळून जा, तेव्हा बंद असतो. ड्रायव्हर म्हणाला ते खरं होतं, बघायला फार नाही. काळ्या दगडाच्या काही भिंती, दवाखान्याच्या खोल्या, न्हाणीघर-संडासाचे अवशेष, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या १६ पायऱ्या. या पायऱ्या चढून माणसं देशात आली. पूर्वी याला कुली घाट म्हणायचे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. आत छान संग्रहालय आहे, जहाजाचा तळ कसा असायचा तेही दाखवलंय.

२ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले. त्यानंतर तीन महिन्यांतच, १ फेब्रुवारी १८३५ ला, मॉरिशसमधली गुलामी कायद्याने संपली. गुलाम सुटणार म्हणजे उसाला माणूस पाहिजे, म्हणून हा उद्योग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून तिथं गेली. बिहार-उत्तर प्रदेशाकडची सर्वांत जास्त, मग मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून आपली मराठी माणसं, त्यात कोकणातली बरीच. करार पाच वर्षांचा. त्या 'ॲग्रिमेंट'चं बोलण्यात 'गिरमिट' झालं. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि वर तांदूळ-डाळीचा शिधा. निघतानाच काही पगार आगाऊ द्यायचे आणि मग तो कापून घ्यायचे.

मी हे फलकावरून वाचून आईला सांगत होते. आई म्हणाली, "म्हणजे उचल."

उचलच. आपल्याकडे टोळीवर मुकादम असतो, तिथं त्याला सरदार म्हणायचे. तोही मजुरांतूनच वर आलेला, गावाकडे परत जाऊन नवी माणसं भरून आणणारा. आणि एक नियम होता, त्याला 'डबल कट' म्हणत: एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी असलं तरी. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली. आपल्याकडे याला खाडा म्हणतात. खाड्याच्या भीतीने आपल्या भागातल्या किती बायांनी ऐन तिशीत पिशवी काढून घेतली, हे मी इथं नव्याने सांगायला नको.

बायांचं म्हणाल तर सुरुवातीच्या जहाजांतून बाया फार थोड्या आल्या. पुढे सरकारला प्रमाण ठरवून द्यावं लागलं की इतक्या पुरुषांमागे इतक्या बाया पाहिजेत. प्रत्येक माणसाची नोंद घाटावर व्हायची: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा. नंतर फोटोही काढायला लागले. त्या वह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्यात, आणि तिथले लोक आजही आपल्या पूर्वजांचं गाव शोधायला तिथं जातात. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं.

तासभर थांबायचं ठरलं होतं, सव्वादोन तास झाले. ड्रायव्हर बाहेर गाडीत होता. मी पैसे वाढतील या धास्तीने घड्याळ बघत होते, पण आईला उठवलं नाही.

मग ज्वालामुखीचं जुनं तोंड बघायचं राहिलं. कुरपिप शहरात ते आहे. त्या भागात धुकं आणि पाऊस, छत्री उघडून दुरूनच बघितल्यासारखं केलं. पण ज्वालामुखीवरून एक गोष्ट सांगते. हे बेट समुद्रातल्या लाव्ह्याचं झालेलं आहे, पहिला लाव्हा वर आला त्याला ८०-९० लाख वर्षं झाली. आणि पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तापलेल्या जागेने ते घडवलं, तिनेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला सह्याद्री आणि मराठवाड्याचा काळा कातळ घडवला. मधल्या काळात आपली जमीन उत्तरेला सरकली, भट्टी खालीच राहिली. म्हणून तिथला दगड बघून आई म्हणाली होती, हा तर आपल्या बांधावरचाच.

गंगा तलाव डोंगरात आहे, ज्वालामुखीच्या तोंडातच पाणी साठून झालेला. काठावर देवळं, शेजारी १०८ फूट उंच शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक कावड घेऊन पायी येतात, ती पंढरीच्या वारीसारखी शिस्त असते असं ड्रायव्हरच म्हणाला, त्याने वारी टीव्हीवर पाहिली होती. इथंही तिकीट नाही. माकडांपासून पिशवी सांभाळा.

जेवण रस्त्यावर केलं. तिथं डाळपुरी मिळते, दिसायला पुरणपोळीसारखी, आत डाळीचा भुगा पण गोड नाही. दोन एकावर एक ठेवून आत वालासारख्या दाण्यांची भाजी आणि टोमॅटोची चटणी घालून गुंडाळून देतात. हॉटेलातल्या जेवणाच्या मानाने फार स्वस्त. शामारेलचा रस्ता वळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळा सुपारी जवळ ठेवावी आणि पुरी नंतर खावी. आम्ही आधी खाल्ली.

शामारेलची सात रंगांची माती फोटोत दिसते तशीच आहे, लाल, तपकिरी, जांभळी. लाव्ह्याचा दगड झिजून माती झाली, त्यातल्या लोहाने आणि ॲल्युमिनियमने रंग आले. त्याच तिकिटात मोठा धबधबाही बघता येतो. वहिनीला फार आवडलं. आईने माती बघून एवढंच विचारलं की हिच्यात काय येतं. काहीच उगवत नाही म्हटल्यावर तिचं मन उडालं.

खाली किनाऱ्याला उतरताना ल मॉर्नचा उभा डोंगर दिसतो. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहायचे. तोही जागतिक वारसा आहे, २००८ पासून. आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार केला.

पश्चिमेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी चालू होती, पण यंत्राने. एकेकाळी या एवढ्याशा बेटावर साखरेचे दोनशेच्या वर कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोकळ्या झालेल्या वावरात मधूनच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसत होते, घराएवढे. आईने गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, ऊस लावायच्या आधी आमच्या लोकांनी हातांनी दगड वेचून हे ढीग रचलेत. त्याचे पणजोबाही त्यात होते. टूरिस्ट इथं कुणी थांबत नाही, असं तो परत म्हणाला, पण या वेळी तोही खाली उतरला. आईने एक दगड उचलून बघितला आणि परत जागेवर ठेवला.

तिथून जवळच कास्कावेल गाव. तिथं मराठी माणसांनी बांधलेलं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. हे आमच्या यादीत नव्हतं, ड्रायव्हरनेच सांगितलं, तुम्ही मराठी ना, मग चला. गणपती तोंडावर आले होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि आपली कोकणातली जाखडी तिथले मराठी लोक अजून नाचतात, झाकरी म्हणतात तिला. देवळाच्या अंगणात बायका-पोरींची तिचीच तयारी चालली होती. एकमेकींशी बोलायच्या क्रिओलमध्ये, गायच्या मराठीत. आम्हाला बघून एक म्हातारी पुढे आली. आईने आपल्या सवयीने विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

ती म्हणाली, "हेच." मग थोडं थांबून, "आजा रत्नागिरीचा." त्याच्यापुढे तिला माहीत नव्हतं, आणि तिचं मराठीही तिथंच संपलं. दोघी हात धरून बराच वेळ बसल्या. ड्रायव्हरने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

हॉटेलवर पोचलो तेव्हा पावणेदहा तास झाले होते. दोन तास जास्तीचे धरले आणि ठरल्याप्रमाणे तेवढेच पैसे घेतले. वाद झाला नाही, कारण आकडा मोबाईलवर लिहिलेला होता. त्या मोबाईलवरचा मजकूर मी अजून ठेवलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी गुरुवारी कार्यालयात या, मराठीत लिहून देते, म्हणजे अष्टविनायकाला गाडी ठरवतानाही कामी येईल.

पुढच्या भेटीत गटाच्या कर्जवहीतल्या चुकांबद्दल बोलू. नमस्कार.